पाहिजे : एक कंटाळवाणा माणूस

भटक्या कुत्र्यांवरचा कुठलाही वाद, मग तो सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर असो की वर्तमानपत्राच्या वाचकपत्रांत, शेवटी एकाच वाक्यापाशी येऊन थांबतो : ‘एवढा पुळका असेल तर घरी घेऊन जा!’ हे वाक्य समोरच्याचं तोंड बंद करण्यासाठी असतं. ते कुणी खरंच मनावर घेईल, अशी बोलणाऱ्याची अपेक्षा नसते. पण २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानंच ते मनावर घेतलं. दिल्ली आणि आसपासची सगळी भटकी कुत्री उचलून निवाऱ्यांत ठेवा, हा ११ तारखेचा आदेश २२ तारखेला सौम्य करताना न्यायालयानं सांगितलं, की ज्यांना ही कुत्री दत्तक घ्यायची असतील त्यांनी महापालिकेकडे अर्ज करावा. आणि दत्तक घेतलेलं कुत्रं पुन्हा रस्त्यावर येणार नाही, ही जबाबदारी अर्जदाराची. टोमण्याला इतकी कायदेशीर प्रतिष्ठा क्वचितच मिळते. काही माणसं असा अर्ज खरोखर करतात, किंवा अर्जबिर्ज न करता एखाद्या संस्थेकडून, पशुवैद्याच्या दवाखान्यातून, नाहीतर थेट पुलाखालून कुत्रं घरी आणतात. पहिल्याच रात्री त्यांच्या लक्षात येतं, की कुत्रं घरात आलंय खरं, पण ते वॉशिंग मशीन आणि भिंत यांच्यामधल्या वीतभर जागेत आलंय, आणि तिथून बाहेर पडायचा त्याचा विचार दिसत नाही.

अशा घाबरलेल्या कुत्र्याचं काय करायचं, यावर आपल्याकडे दोन पक्ष आहेत. एकाला वाटतं धाक हवा, दुसऱ्याला वाटतं माया हवी. दोन्ही पक्षांचे लोक बहुधा एकाच घरात राहतात. माझं म्हणणं असं, की हे दोघेही कुत्र्यापेक्षा स्वतःच्या समाधानाचा विचार जास्त करतात. धाक दाखवताना माणसाला स्वतःविषयी बरं वाटतं, माया करताना त्याहून बरं वाटतं. कुत्र्याला मात्र या सगळ्या नाट्यात भूमिका नको असते. त्याला हवा असतो एक कंटाळवाणा माणूस : जो रोज त्याच वेळी उठतो, त्याच रस्त्यानं जातो, एका गोष्टीला एकच शब्द वापरतो, तो रोज त्याच आवाजात उच्चारतो, आणि ज्याच्या घरात उद्या काय होणार हे आजच सांगता येतं. ठामपणा म्हणतात तो एवढाच. त्यात आवाज चढवण्याचा कुठेही संबंध येत नाही.

आधी हे मान्य करायला हवं, की त्या कुत्र्याची भीती निराधार नाही. कोलकात्याच्या आयसर संस्थेत अनिंदिता भद्रा आणि त्यांचे सहकारी बरीच वर्षं रस्त्यावरच्या कुत्र्यांचा अभ्यास करत आहेत. २०१६ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या निबंधात ९५ वेतांतल्या ३६४ पिल्लांचा हिशोब आहे. त्यांतली जेमतेम १९ टक्के पिल्लं सात महिन्यांपर्यंत जगली, आणि जी गेली त्यांतल्या ६३ टक्के मृत्यूंमागे या ना त्या प्रकारे माणूस होता. म्हणजे आपल्या वॉशिंग मशीनमागे बसलेलं कुत्रं ज्या वर्गातून उत्तीर्ण होऊन आलं, त्या वर्गाचा निकाल १९ टक्के लागला होता, आणि परीक्षक आपणच होतो. ही परीक्षा जुनी आहे. मुंबईत १८३२ मध्ये मेलेल्या कुत्र्यामागे सरकारी बक्षीस ठेवलं गेलं, तेव्हा पारशी समाज चिडून रस्त्यावर आला आणि दंगल झाली. आज बक्षीस नाही, पण दगड फुकट मिळतो. जे पिल्लू वाकलेल्या माणसाकडे विश्वासानं गेलं, त्याला त्या माणसाच्या हातात बिस्कीट आहे की दगड हे फार उशिरा कळलं. जे पळालं, ते वाचलं. तेव्हा आपल्या घरात आलेलं भित्रं कुत्रं हे बिघडलेलं कुत्रं नसतं. आजवर त्याचा अंदाज बरोबरच येत आलेला असतो.

त्याच संस्थेच्या २०२० च्या एका प्रयोगात शहरांतल्या एकट्यादुकट्या कुत्र्यांसमोर दोन भांडी ठेवून एकाकडे बोट दाखवण्यात आलं. जवळपास निम्मी कुत्री जवळच आली नाहीत. जी आली, त्यांतली सुमारे ८० टक्के बोट दाखवलेल्या भांड्याकडेच गेली, आणि हे त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं. (ओट्यावरची हिंगाची डबी बोटानं दाखवूनही ज्यांना सापडत नाही, अशा प्रौढ पुरुषांचं प्रमाण कुणी मोजल्याचं ऐकिवात नाही.) बुद्धीचा प्रश्न नाहीच. कमतरता आहे ती विश्वासाची, आणि विश्वास शिकवणीनं येत नाही, सवयीनं येतो.

पण सवय लागायच्या आधीच घरात भाषांतराचा गोंधळ सुरू होतो. घाबरलेलं कुत्रं जांभई देतं, तेव्हा घरचे म्हणतात, झोप आली वाटतं. ते ओठ चाटतं, तर भूक लागली. मान फिरवून डोळ्यांचा पांढरा भाग दाखवतं, तर लाजलं. शेपूट खाली, ताठ आणि तुरूतुरू हलत असली तरी, हलतेय ना, म्हणजे खूश आहे. या चारही खुणा ताणाच्या असू शकतात, आणि चारही खुणांना उत्तर म्हणून आपण काय करतो, तर आणखी जवळ जातो. सगळ्यांत मोठी गफलत मात्र निश्चलतेबद्दल होते. कुत्रं कोपऱ्यात दगड होऊन बसलं, की पाहुणे म्हणतात, ‘किती शहाणं आहे हो, हलतसुद्धा नाही!’ १९६७ मध्ये अमेरिकेत सेलिगमन आणि मायर या मानसशास्त्रज्ञांनी काही कुत्र्यांना टाळता न येणारे विजेचे धक्के दिले होते. पुढे उडी मारून सुटता येईल अशी सोय करून दिली, तरी त्यांतली बरीच कुत्री जागची हलली नाहीत. आपल्या हालचालीनं काही बदलत नाही, हे ती शिकून चुकली होती, असा त्यांनी निष्कर्ष काढला. प्रयोग क्रूर होता, पण त्यातून एवढं तरी घ्यावं, की न हलणाऱ्या कुत्र्याचं कौतुक करण्याआधी जरा थांबावं.

आता धाकवाल्यांकडे वळू. यांचं शास्त्र लांडग्यांपासून सुरू होतं. कुत्रा लांडग्याचा वंशज; लांडग्यांच्या कळपात एक ‘अल्फा’ असतो; तो दात दाखवून बाकीच्यांना दाबात ठेवतो; तेव्हा घरात आपण अल्फा व्हायचं. ज्या गृहस्थाला टीव्हीचा रिमोटही मागून घ्यावा लागतो, त्याला हे तर्कशास्त्र मनापासून पटतं यात नवल नाही. अडचण एवढीच, की ज्यांनी ते लोकप्रिय केलं त्यांनीच ते मागे घेतलं. मूळ निरीक्षणं रुडॉल्फ शेंकेल यांनी बाझलच्या प्राणिसंग्रहालयातल्या लांडग्यांवर केली आणि १९४७ मध्ये प्रसिद्ध केली. एकमेकांशी नातंगोतं नसलेल्या जनावरांना एका आवारात कोंडलं, तर ती वर्चस्वासाठी भांडणार, हे सिद्ध करायला बाझलपर्यंत जायची गरज नव्हती. कुठल्याही गृहनिर्माण संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा पुरली असती. डेव्हिड मीच यांच्या १९७० च्या पुस्तकानं ही कल्पना जगभर पोचवली. त्यांनीच पुढे कॅनडाच्या उत्तरेला एल्स्मिअर बेटावर मोकळे लांडगे पाहिले, आणि १९९९ मध्ये लिहिलं, की निसर्गातला कळप म्हणजे आईबाप आणि त्यांची पोरं. पुढारपण जे काही असतं ते आईबापांचं, आणि त्यासाठी त्यांना मारामारी करावी लागत नाही. पुढे ते आपलं जुनं पुस्तक छापणं बंद करा म्हणून प्रकाशकाच्या मागे लागले. लेखकानं स्वतःचं पुस्तक छापू नका म्हणून प्रकाशकाला विनवलं, ही गोष्ट मराठी साहित्यविश्वात कुणी खरी मानणार नाही, पण ती खरी आहे.

लांडगे सोडून देऊ आणि कुत्र्यांकडेच पाहू. पोर्तुगालमध्ये वेगवेगळ्या प्रशिक्षण शाळांत जाणाऱ्या ९२ पाळीव कुत्र्यांचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. जिथे ओरडा, हिसका आणि धाक होता, तिथल्या कुत्र्यांत ताणाच्या खुणा जास्त दिसल्या आणि लाळेतलं कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक वाढलेलं आढळलं. पण या अभ्यासाचा मला सर्वांत आवडलेला भाग म्हणजे निराशावादाची चाचणी. खोलीच्या एका बाजूच्या भांड्यात नेहमी खाऊ, दुसऱ्या बाजूच्या भांड्यात कधीच नाही, हे कुत्र्यांना आधी शिकवलं. मग भांडं ठेवलं मधोमध. बक्षिसानं शिकलेली कुत्री ‘असेल काहीतरी’ म्हणून लगबगीनं गेली. फार धाकात शिकलेली कुत्री रेंगाळत गेली, जणू जाऊन तरी काय मिळणार. मधल्या भांड्याकडे असं चालत जाणारी माणसं प्रत्येक कचेरीत असतात, आणि त्यांच्या मास्तरांविषयी आपण तर्क करू शकतो.

धाकाचा खरा धोका मात्र निराशावादाहून मोठा आहे. घाबरलेलं कुत्रं गुरगुरतं, तेव्हा ते चावण्याआधीची नोटीस देत असतं. धाकवाला या गुरगुरण्यावर हात उगारतो आणि विजयानं सांगतो, की आता गुरगुरणं बंद झालं. बंद झालेली असते ती नोटीस. दावा कायम असतो, आणि पुढच्या वेळी तो नोटिशीवाचून दाखल होतो. ‘काहीही कारण नसताना चावला हो’ असं ज्या कुत्र्यांविषयी म्हटलं जातं, त्यांतल्या कित्येकांना कारणं सांगण्याची सोय माणसांनीच बंद केलेली असते. अमेरिकेतल्या पशुवैद्यकीय वर्तनतज्ज्ञांच्या संघटनेनं २०२१ च्या आपल्या निवेदनात कुत्र्यांना बक्षिसानंच शिकवावं, शिक्षेनं नको, असं सरळ म्हटलं आहे, आणि त्यात आक्रमक कुत्रीही आली.

मायावाल्यांचा पक्ष संख्येनं मोठा आहे, आणि माझ्या मते जास्त घातक, कारण त्यांच्यावर कुणी संशय घेत नाही. कुत्रं आल्याच्या संध्याकाळी वरच्या मजल्यावरची मंडळी ‘बघायला’ येतात. सोफ्याखाली पाच मोबाइलचे दिवे पेटतात. ‘अगं बाई, किती थरथरतंय,’ असं म्हणत प्रत्येक जण हात घालतो, आणि थरथरण्याचं कारण तो हातच असू शकेल ही शंका कुणाला येत नाही. मग सुरू होतं सवलतींचं राज्य. बिचाऱ्यानं इतकं सोसलंय, तर बसू दे सोफ्यावर. मंगळवारी बसू देतात, बुधवारी नवीन कव्हर घातलेलं असतं म्हणून हाकलतात, गुरुवारी थोरल्याला दया येते. सोफा हा बसण्याचा पदार्थ आहे की मार खाण्याचा, याचा निकाल त्या कुत्र्याला शेवटपर्यंत लागत नाही. ज्याचं सगळं पूर्वायुष्य अनिश्चिततेत गेलं, त्याला आपण प्रेमापोटी पुन्हा अनिश्चितताच देतो, फक्त आता तिला गादी असते.

यात आजीचा वाटा वेगळा नोंदवला पाहिजे. जेवताना कुत्र्याला ताटातलं द्यायचं नाही, असा ठराव घरात एकमतानं होतो, आजी त्याला अनुमोदन देतात, आणि टेबलाखालून पोळीचा तुकडा सरकवतात. रोज नाही, कधीतरी. हे ‘कधीतरी’च फार महाग पडतं. फर्स्टर आणि स्किनर या मानसशास्त्रज्ञांनी १९५७ च्या आपल्या ग्रंथात कबुतरांवरचे असंख्य प्रयोग मांडून दाखवलं, की बक्षीस दर वेळी मिळत असेल, तर ते बंद झाल्यावर सवयही लवकर सुटते. अधूनमधून, अनपेक्षितपणे मिळत असेल, तर सवय चिवटपणे टिकते. लॉटरीचा धंदा याच तत्त्वावर चालतो. आजींनी स्किनर वाचलेला नसतो, पण दहा जेवणांत एक तुकडा देऊन त्यांनी टेबलापाशी एका जन्माचा भिकारी बसवलेला असतो. शिवाय प्रेमाच्या तुकड्यात काय असतं हेही पाहावं लागतं. कांदा आणि लसूण कुत्र्यांना बाधतात, म्हणजे मराठी स्वयंपाकातली बहुतेक पातेली बाद झाली. द्राक्षं आणि बेदाणे मूत्रपिंडं निकामी करू शकतात, म्हणजे सत्यनारायणाचा शिराही गेला. प्रसाद नाकारणं हा ठामपणाचा आपल्याकडचा सर्वोच्च नमुना असल्यामुळे तो सहसा कुणाला जमत नाही.

इथे मायावाले मला अडवतील, आणि त्यांच्या हातात पुरावाही आहे. भद्रा यांच्याच गटानं २०१७ मध्ये दाखवलं, की रस्त्यावरची कुत्री अनोळखी माणसावर विश्वास ठेवताना खाण्यापेक्षा कुरवाळण्यानं जास्त वश होतात. मग माया हवी हेच सिद्ध झालं की! झालं ना. पण त्या निबंधाच्या शीर्षकातच असलेली एक अट सोयीस्करपणे विसरली जाते : तो अनोळखी माणूस पुन्हापुन्हा भेटत होता. तोच माणूस, तेच वागणं, ठरलेला स्पर्श. वरच्या मजल्यावरच्या अकरा जणांनी एका संध्याकाळी आळीपाळीनं कुरवाळणं यात येत नाही. मायेला माझा विरोध नाही. ती वक्तशीर असावी एवढंच म्हणणं आहे.

तर मग हा कंटाळवाणा माणूस करतो तरी काय? तो पहिले काही दिवस जवळजवळ काहीच करत नाही. एक कोपरा, एक चादर, पाण्याचं भांडं, आणि त्या कोपऱ्यात कुणी हात घालायचा नाही हा नियम. खाणं ठरल्या वेळी ठेवतो आणि पाठ करून बसतो; पेपर वाचतो, कारण कुत्र्याकडे न पाहणारा माणूस कुत्र्याला कमी भयंकर वाटतो. फिरायला नेताना गळ्यातला पट्टा आणि छातीवरचा हार्नेस दोन्ही बांधतो, कारण भेदरलेलं कुत्रं उलटं सरकून पट्ट्यातून क्षणात डोकं काढून घेतं, आणि मग सर्वोच्च न्यायालयानं सांगितलेली जबाबदारी रिक्षांच्या मधून धावत सुटते. रोज तोच रस्ता, तोच खांब, तोच परतीचा वळसा. निसर्गसौंदर्य वगैरे नंतर. घरात बसण्यासाठी ‘बस’ ठरलं असेल, तर सगळ्यांनी ‘बस’च म्हणायचं, एक ‘सिट’, दुसरा ‘खाली बस रे राजा’, तिसरा ‘अरे किती वेळा सांगायचं’ असं म्हणत राहिला, तर कुत्रं त्यातलं फक्त तिसरं शिकतं, कारण ते सर्वांत जास्त वेळा ऐकू येतं.

आणि मग आवाज. कुत्र्याला सुमारे ४५ हजार हर्ट्झपर्यंतचं ऐकू येतं, आपली धाव २० हजारांपर्यंत. मराठी स्वयंपाकघरात सकाळी सात ते नऊ या वेळात कुकर, मिक्सर, भांड्यांची टोपली आणि दुधाच्या पिशवीवरून होणारा संवाद मिळून जे काही होतं, ते आपल्यालाच सोसत नाही. कंटाळवाणा माणूस कुत्र्याला या मैफलीत ओढून आणत नाही. तो त्याला सर्वांत लांबच्या खोलीत बसवतो, दार लावून घेतो, आणि शिट्टी झाली की उकडलेल्या अंड्याचा वाटाण्याएवढा तुकडा देतो. शिट्टी, तुकडा. शिट्टी, तुकडा. मग दार उघडं ठेवून. मग एक खोली अलीकडे. हे करायला प्रतिभा लागत नाही. उलट प्रतिभावान माणूस तिसऱ्या दिवशी काहीतरी नवीन करून बघतो आणि सगळं घालवतो. छत्री, केरसुणी, काठी टेकत येणारे तळमजल्यावरचे काका, लिफ्टचं दार, प्रत्येकासाठी हाच उद्योग. काकांना लांबच थांबायची विनंती करावी लागते, आणि सारखं थांबायला सांगितलं की काका दुखावतात. इथेच ठामपणाची खरी कसोटी लागते. कुत्र्याला ‘नाही’ म्हणणं सोपं आहे. ‘माझ्याकडे सगळी कुत्री येतात’ असं सांगत हात पुढे करणाऱ्या पाहुण्याला ‘नाही’ म्हणणं फार कठीण. दत्तक कुत्र्याच्या शिस्तीचा मोठा भाग कुत्र्याच्या वाट्याला येतच नाही, तो सोसायटीच्या वाट्याला येतो.

कंटाळवाणेपणा वरवरचा असून भागत नाही, याचाही पुरावा आहे. स्वीडनमधल्या संशोधकांनी २०१९ मध्ये ५८ कुत्र्यांच्या आणि त्यांच्या मालकिणींच्या केसांतलं कॉर्टिसॉल मोजलं. महिनोन्‌महिन्यांचा ताण केसांत साठतो. मालकिणीचा ताण वाढलेला असेल, तर कुत्र्याचाही वाढलेला दिसला. ती मेंढपाळी जातींची कुत्री होती, माणसाकडे टक लावून असणं हाच त्यांचा पिढीजात धंदा, हे खरं. पण भेदरलेलं कुत्रं टक लावण्यात कुणाला हार जात नाही. ‘मी एकदम शांत आहे’ असं दातओठ खाऊन म्हणणाऱ्या माणसाला बायको फसत नाही, तिथे कुत्रं फसेल ही आशा व्यर्थ आहे.

यावर हमखास येणारा आक्षेप म्हणजे ‘सवय होऊ द्या की! एकदा लक्ष्मी रोडला गणपतीत उभं करा, भीती मोडेल.’ या विचारसरणीचे लोक आपल्याला विहिरीत ढकलून पोहायला शिकवलं गेलं, हे अभिमानानं सांगतात. सांगणारे सगळे पोहायला शिकलेलेच असतात, कारण इतरांना सांगायची संधी मिळत नाही. भीती अशी मोडत नाही. ती दबा धरून बसते. १९२४ च्या सप्टेंबरात लेनिनग्राडला पूर आला, तेव्हा पावलॉव यांच्या प्रयोगशाळेतली कुत्री पिंजऱ्यांत पाणी शिरून बुडता बुडता वाचली. त्यानंतर काही कुत्री मेहनतीनं शिकवलेलं सगळं विसरली. हळूहळू शिकवणी पुन्हा जमली. मग एकदा दाराखालून पाण्याची नुसती धार सोडली, आणि एवढ्यानंच जुनी घबराट परत आली. नोबेल मिळालेल्या माणसाच्या कुत्र्यांची ही कथा. तेव्हा फटाक्यांच्या एका रात्रीनं आपल्या कुत्र्याची काही महिन्यांची प्रगती पुसली गेली, तर फार लाजायचं कारण नाही. खिडक्या लावून, पंखा मोठा करून, त्याच कोपऱ्यापासून पुन्हा सुरुवात करायची. ते जवळ येऊन टेकलं तर टेकू द्यावं. भीतीत जवळ घेतलं की कुत्रं भीती ‘शिकतं’, ही समजूत चुकीची आहे. भीती ही काही पोळीच्या तुकड्यासाठी केलेली युक्ती नव्हे.

किती दिवस लागतात, असं विचारलं तर कुत्री सांभाळणारे लोक तीनाचा ठोकताळा सांगतात : तीन दिवस धक्क्यातून सावरायला, तीन आठवडे घराची रीत कळायला, तीन महिने घर आपलं वाटायला. हा ठोकताळाच आहे. तीन वर्षं लागलेली कुत्री आहेत, आणि तिसऱ्या तासाला सोफा ताब्यात घेतलेलीही आहेत. ‘रस्त्यावर माणसांची पोरं उपाशी आणि तुम्ही कुत्र्याला अंडी चारता?’ हा प्रश्न विचारणारा स्वतः अंडी कुणाला चारतो, हे विचारलं की बहुधा मिटतो, त्यामुळे त्यावर शाई घालवत नाही.

एक आक्षेप मात्र गंभीर आहे. घाबरलेलं कुत्रं चावतं, घरात लहान मूल आहे, मग? उत्तर प्रामाणिकपणे द्यायचं तर असं, की तिथे वाट पाहणंच बरं. लसीकरण, तोंडाला जाळी घालून घ्यायची हळूहळू लावलेली सवय, मूल आणि कुत्रं यांना एकटं न सोडणं, गरज पडली तर पशुवैद्याकडून भीतीवरची औषधं, हे सगळं करूनही काही कुत्र्यांना तिसऱ्या मजल्यावरचा दोन खोल्यांचा फ्लॅट मानवत नाही. जे मोठं झालेलं कुत्रं आपल्या गल्लीत रुळलेलं आहे, ज्याची पानवाल्याशी आणि रात्रीच्या वॉचमनशी ओळख आहे, त्याला उचलून घरात कोंडणं हे उपकार नव्हेत. २०२३ चे प्राणी जन्म नियंत्रण नियम त्यासाठीच आहेत : नसबंदी, रेबीजची लस, आणि ज्या जागेवरून उचललं त्याच जागी परत. काही वेळा घरी न आणण्याचा निर्णय घेणं, हेच सगळ्यांत ठाम काम असतं, आणि फेसबुकवर त्याचा फोटो टाकता येत नसल्यामुळे ते फार थोडे लोक करतात.

ज्यांना आणायचंच आहे, त्यांच्यासाठी दत्तक देणाऱ्या संस्थांनी आपले फॉर्म बदलावेत अशी माझी सूचना आहे. ‘तुम्हांला कुत्री आवडतात का?’ हा प्रश्न निरुपयोगी आहे. आवडत नसती तर अर्जदार आला कशाला असता? त्याऐवजी विचारावं : सकाळचा चहा किती वाजता घेता, आणि गेल्या दहा वर्षांत ती वेळ बदलली का? फिरायला जाताना कोणत्या फुटपाथनं जाता, आणि का बदलत नाही? घरात एखादा ठराव झाला तर तो आजींना लागू असतो का? पाहुण्याला हातातलं बिस्कीट खाली ठेवायला सांगू शकता का, आणि तो पाहुणा मेहुणा असेल तर? आजवर किती छंद जोपासले? (दोनापेक्षा जास्त असल्यास अर्ज बाद.) बँकेतून निवृत्त झालेले, पंचांग बघून दाढी करणारे, दुपारी एक ते चार या वेळात कोणत्याही परिस्थितीत दार न उघडणारे असे कितीतरी लोक आपल्या समाजात वर्षानुवर्षं दुर्लक्षित पडून आहेत, त्यांना प्राधान्य द्यावं. आणि फॉर्मच्या शेवटी, अर्जदार खरोखर कंटाळवाणा असल्याबद्दल दोन शेजाऱ्यांच्या सह्या घ्याव्यात. त्या मिळवायला कुणाला फार फिरावं लागणार नाही.